रक्त दिले मधुमेहासाठी

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या एका फाट्यात, दरीच्या तळाशी, सुपाई नावाचे गाव आहे. तिथवर मोटारीचा रस्ता नाही. कड्यावरून आठ मैल पायी, खेचरावर बसून किंवा हेलिकॉप्टरने उतरावे लागते. टपालही खेचरांच्या पाठीवरून येते. हवासुपाई ही जेमतेम साडेसहाशे माणसांची जमात इथे शतकानुशतके राहते आहे. १९९० च्या सुमारास या गावाला मधुमेहाने घेरले होते. तरुण माणसांचे पाय कापावे लागत होते. डायलिसिससाठी लोकांना दरी सोडून शहरात राहायला जावे लागत होते. तेव्हा गावाने ओळखीच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे मदत मागितली. त्यांनी अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एका जनुकशास्त्रज्ञ सहकाऱ्याला सोबत घेतले आणि रक्ताचे नमुने गोळा होऊ लागले.

लोकांना जे सांगितले गेले आणि त्यांना जे समजले, ते मधुमेहाबद्दल होते. सही केलेल्या कागदावर मात्र ‘वर्तनविषयक व वैद्यकीय विकारांची कारणे’ अशा अर्थाचा ऐसपैस मजकूर होता. अनेकांची इंग्रजी ही दुसरी भाषा होती, शाळाही अर्धवट सुटलेली. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, जमातीत जवळच्या नात्यात किती लग्ने होतात याचे मोजमाप झाले आणि या लोकांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या सामुद्रधुनीमार्गे आले, असेही त्या नमुन्यांच्या आधारे मांडले गेले. हे सगळे गावाला कळले ते २००३ मध्ये. जमातीच्याच कार्लेटा टिलूसी विद्यापीठातल्या एका पीएचडी प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसल्या होत्या. या संशोधनासाठी आमची परवानगी घेतली होती का, असे त्यांनी तिथेच विचारले. चौकशी झाली तेव्हा त्या रक्तावर सुमारे दोन डझन शोधनिबंध छापून आल्याचे दिसले. गावाने विद्यापीठाला गावबंदी केली: विद्यापीठाच्या कोणाही माणसाने आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही.

यातले आशियातून येण्याचे प्रकरण बाहेरच्या वाचकाला फारसे गंभीर वाटणार नाही. माणसे कुठून तरी आलीच असणार, त्यात दुखावण्यासारखे काय, असे आपल्या मनात येते. पण हवासुपाईंची श्रद्धा अशी की त्यांचा उगम याच दरीत झाला आणि दरीचे राखणदार म्हणूनच ते आहेत. शिवाय ही श्रद्धा सातबाऱ्याइतकी व्यवहाराचीही आहे. १८८२ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांचा सगळा मुलूख काढून घेऊन ५१८ एकरांचा तुकडा त्यांच्यासाठी ठेवला होता. आम्ही इथलेच, असे सांगत जवळजवळ शतकभर झगडल्यावर १९७५ मध्ये १ लाख ८५ हजार एकर जमीन त्यांना परत मिळाली. ज्यांचा हक्क ‘इथलेच’ या शब्दावर उभा आहे, त्यांच्याच रक्तातून ‘तुम्ही बाहेरचे’ असा निष्कर्ष काढायचा, तोही न विचारता! माझ्या मते यात विज्ञान विरुद्ध श्रद्धा असा झगडा नव्हताच. पाठ्यपुस्तकातून बेरिंगचा धडा काढून टाका, असे हवासुपाई म्हणत नव्हते. आमचे रक्त त्यासाठी दिलेले नव्हते, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

२००४ मध्ये खटला गुदरला. तो तांत्रिक मुद्द्यावर फेटाळला गेला, अपिलात पुन्हा उभा राहिला आणि अखेर एप्रिल २०१० मध्ये तडजोड झाली. ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर, दवाखान्यासाठी मदत आणि उरलेले नमुने परत. त्या जनुकशास्त्रज्ञ संशोधिकेने आपण लेखी संमतीच्या मर्यादेतच काम केले, असे शेवटपर्यंत सांगितले. कागदाच्या भाषेपुरते ते खरेही असेल. पण विद्यापीठाने हे दावे लढवण्यावर १७ लाख डॉलरच्या आसपास खर्च केला होता, हे वाचल्यावर मला त्या गावातल्या दवाखान्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. नमुने घ्यायला जमातीची माणसे विद्यापीठात गेली. नमुने देणाऱ्यांपैकी काही जण तोवर वारले होते.

हवासुपाईंचे प्रकरण गाजले ते न्यायालयात गेले म्हणून. त्याआधीची दहा-पंधरा वर्षे जगभर हाच प्रश्न धुमसत होता. १९९१ मध्ये लुइगी लुका काव्हाली-स्फोर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी जनुकीय विविधतेचा प्रकल्प मांडला. जगभरच्या एकाकी राहिलेल्या जमातींचे रक्त, केस, लाळ जमवायची, कारण या जमाती मिसळून जात आहेत, नाहीशा होत आहेत. पुढे तयार झालेल्या यादीत ७२२ समूह होते. काव्हाली-स्फोर्झांचा हेतू वाईट नव्हता. माणसामाणसांतला जनुकीय फरक किती वरवरचा आहे हे दाखवून वंशवादाला उत्तर द्यावे, असे त्यांना मनापासून वाटत होते. पण ज्यांची नावे यादीत होती त्यांना कोणी विचारले नव्हते. आम्ही नाहीसे होत आहोत हे तुम्हाला ठाऊक आहे, तर आम्हाला जगवण्याऐवजी आमचे रक्त जपायची घाई कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. आदिवासी संघटनांनी याला ‘व्हँपायर प्रोजेक्ट’ म्हटले आणि १९९३ च्या माओरी भूमीतल्या माताआतुआ जाहीरनाम्याने तो थांबवण्याची मागणी केली.

ही भीती हवेतली नव्हती. त्याच वर्षी पनामातल्या ग्वायमी जमातीच्या एका बाईच्या पेशींवर अमेरिकी सरकारच्या वतीने पेटंटचा अर्ज असल्याचे उघड झाले. आरडाओरडा झाल्यावर तो मागे घेतला गेला. पापुआ न्यू गिनीतल्या हागाहाई या काहीशे लोकांच्या जमातीतल्या एका माणसाच्या पेशींवर तर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला पेटंट मिळालेदेखील. १९९६ मध्ये ते सोडून देण्यात आले. ब्राझीलमधल्या कारितियाना जमातीच्या पेशी मात्र अमेरिकेतल्या एका पेशीसंग्रहातून संशोधकांना शुल्क घेऊन पुरवल्या जात राहिल्या.

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या नू-चा-नुल्थ लोकांची गोष्ट मला हवासुपाईंपेक्षाही बोलकी वाटते, कारण तिथे खटलाही झाला नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ८८३ जणांनी संधिवाताच्या अभ्यासासाठी रक्त दिले. संधिवाताचे जनुकीय कारण काही सापडले नाही. संशोधक राइक वॉर्ड नोकरी बदलून यूटाला गेले, मग ऑक्सफर्डला गेले आणि रक्तही त्यांच्याबरोबर गेले. त्या रक्तावर लोकांच्या प्राचीन स्थलांतराचे निबंध निघाले; जमातीला पुष्कळ वर्षांनी कळले. २००३ मध्ये वॉर्ड वारले, तेव्हा कुठे नमुने परत आणायची खटपट यशस्वी झाली. संधिवाताने वाकडी झालेली बोटे मात्र तशीच राहिली.

अशाच भीतीपोटी २००२ मध्ये अमेरिकेतल्या नवाहो जमातीच्या शासनाने आपल्या हद्दीत जनुकीय संशोधनालाच स्थगिती दिली. २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिक आणि आयबीएमचा जिनोग्राफिक प्रकल्प आला तो सावध होऊनच. वैद्यकीय संशोधन नाही, पेटंट नाही, असे त्यांनी आधीच जाहीर केले. तरी उत्तरी पायूट जमातीच्या डेब्रा हॅरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. आमचा इतिहास कोणता, हे आमच्या आजीने सांगितलेले खरे की तुमच्या यंत्राने, हा त्यांचा मुद्दा तसाच उभा होता.

केनेविक इथल्या सांगाड्याचे प्रकरण या मुद्द्याला विलक्षण वळण देते. १९९६ मध्ये कोलंबिया नदीच्या काठी साडेआठ हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. तिथल्या जमातींनी तो पूर्वज म्हणून पुरण्यासाठी मागितला. शास्त्रज्ञ न्यायालयात गेले. जमातींशी याचे नाते सिद्ध होत नाही, असे म्हणत २००४ मध्ये न्यायालयाने शास्त्रज्ञांच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या एस्के विलर्सलेव्ह यांच्या गटाने डीएनए तपासला. तुलनेसाठी कॉलव्हिल जमातीतल्या काहींनी स्वतःहून नमुने दिले होते. सांगाडा आजच्या अमेरिकी आदिवासींच्याच जवळचा निघाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींनी मिळून त्याला पुरले. विज्ञान आणि आदिवासी यांचा अखेर मेळ बसला, अशी या घटनेची सांगता केली जाते. मला ती पटत नाही. आजोबा ओळखण्यासाठी नातवंडांना प्रयोगशाळेचा दाखला आणावा लागला, आणि त्यात वीस वर्षे गेली.

खरा बदल वेगळ्या ठिकाणी झाला. २०११ पासून अमेरिकेत आदिवासी तरुणांना जनुकशास्त्र शिकवणारी उन्हाळी शिबिरे सुरू झाली. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. २०१८ मध्ये साउथ डाकोटातल्या शायान रिव्हर सू जमातीच्या भूमीवर ‘नेटिव्ह बायोडेटा कन्सॉर्टियम’ ही संस्था उभी राहिली. तिथे नमुने आदिवासींच्या जमिनीवर, आदिवासी शास्त्रज्ञांच्या ताब्यात राहतात. नवाहो जमातीच्या क्रिस्टल त्सोसी या तिच्या संस्थापकांपैकी एक. संशोधनाला नकार देणाऱ्यांच्याच घरातून संशोधक निघाले, ही या तीस वर्षांतली मला सर्वांत आशेची वाटणारी गोष्ट.

आपल्याकडे हा विषय आता दाराशी आला आहे. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट ठरले. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांसाठी ही तपासणी अत्यंत गरजेची आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण २०२५ मध्ये शेजारच्या गुजरातने दोन हजार आदिवासींच्या जनुकीय अनुक्रमणाचा प्रकल्प जाहीर केला. भिलांची वस्ती राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. उद्या धडगाव-अक्कलकुव्यातही असे नमुने मागितले जातील. कुपी परत देता येते, पण संगणकातला अनुक्रम एकदा वाटला गेला की परत मागवता येत नाही. म्हणून सुई टोचण्याआधीच काही गोष्टी ठरायला हव्यात. संमतीचा कागद भिलीत, पावरीत, माडियात वाचून दाखवला जावा. आजाराचे संशोधन आणि पूर्वजांचे संशोधन यांसाठी दोन वेगळ्या सह्या असाव्यात. नमुना किती वर्षे, कुठे, कोणाच्या ताब्यात राहील हे त्यात लिहिलेले असावे. नवा वापर करायचा असेल तेव्हा पुन्हा गावात येऊन ग्रामसभेसमोर विचारावे, आणि ग्रामसभा नाही म्हणाली तर तो वापर करू नये.