गॉल्वेची अभ्यासिका आणि १८७१ चा कायदा

ज्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार अंमलात आला, त्याच २००८ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉल्वे येथील विद्यापीठात अपंगत्वविषयक कायदा व धोरण यांच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले, आणि त्या कराराच्या वाटाघाटींत प्रत्यक्ष भाग घेतलेले प्राध्यापक जेरार्ड क्विन यांनी त्याची धुरा वाहिली. अपंगत्व म्हणजे देहाचे वैगुण्य आणि म्हणून दयेचा विषय, ही समजूत ब्रिटनमधील अपंगांच्या चळवळीने आधीच हादरविली होती. पायऱ्यांपाशी उतार नसणे हाच खरा अन्याय, हे तिने ठणकावून सांगितले होते. उणीव होती ती हा विचार कायद्याच्या कलमांत उतरविणाऱ्या संशोधकांची.

युरोपीय संघाने २३ डिसेंबर २०१० रोजी कराराला रीतसर पुष्टी दिली, आणि लवकरच मारी क्यूरी योजनेच्या द्रव्यबळावर 'ड्रीम' हा पीएच.डी.च्या संशोधकांचा प्रशिक्षणक्रम सुरू झाला. गॉल्वे, लीड्स, मास्ट्रिख्ट, रेक्याविक अशा ठिकाणी तरुण अभ्यासक विखुरले. पुढे 'डेअर' या क्रमाने तीच परंपरा चालविली.

या योजनेची एक अट मात्र मला आजही अस्वस्थ करते. ज्या देशात संशोधन करावयाचे, तेथे मागील तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे. हेतू उदात्त, पण ज्याला अंथरुणातून उठवून चाकांच्या खुर्चीत बसविणारा साहाय्यक सरकारी अनुदानातून मिळतो, त्याचे ते अनुदान सहसा सरहद्द ओलांडत नाही. नव्या मुलखात नवे अर्ज, नवे दाखले, नवी तपासणी. आणि मंजुरी येईतो रोज सकाळी त्याला उठविणार कोण? अपंगांच्या हक्कांचे उच्च शिक्षण अपंग विद्यार्थ्यालाच दुष्प्राप्य व्हावे, ही गोष्ट मी गौण मानीत नाही.

असे असूनही या काळाचे मोठे फलित मला कराराच्या बाराव्या कलमाच्या अभ्यासात दिसते. कायद्यापुढे प्रत्येक व्यक्ती समान आहे, तिला निर्णय घेण्यास साहाय्य द्यावे, तिचा निर्णय हिरावून घेऊ नये, हे त्या कलमाचे मर्म. ते गॉल्वेत शिकविले जात असता त्याच देशात भ्रमिष्टांविषयीचा १८७१ चा कायदा जिवंत होता. न्यायालयाने एखाद्यास पालकत्वाखाली घेतले, की त्याच्या मिळकतीचा कारभार न्यायालयाच्या हुकमाने चाले, त्याला विवाह करता येत नसे, परदेशी जाण्यासही परवानगी लागे. केंद्रातील अभ्यासकांनी अपंगांच्या व मानसिक आजार भोगलेल्यांच्या संघटनांबरोबर बसून सुधारणेची तत्त्वे मांडली. नवा कायदा २०१५ साली मंजूर झाला, आणि तरीही त्याची मुख्य अंमलबजावणी होण्यास २६ एप्रिल २०२३ उजाडावा लागला. त्या दिवसापासून प्रौढांना नव्याने पालकत्वाखाली घेणे थांबले, आणि आधीच त्याखाली असलेल्या प्रत्येकाचे प्रकरण न्यायालयापुढे फेरतपासणीस आणून त्याला मोकळे करण्याचे काम सुरू झाले.