पानाचं छप्पर

कोस्टारिकाच्या कॅरिबियन बाजूच्या पावसाळी जंगलात हेलिकोनियाची दाटी असते. केळीच्या नात्यातली ही झाडं. पानंही तशीच लांबरुंद, मधोमध जाड शीर असलेली. एखाद्या पानाच्या दोन्ही बाजू खाली झुकलेल्या दिसल्या, तर हळूच वाकून आतून वर बघावं. मधल्या शिरेला लोंबकळत, एकमेकांना बिलगून झोपलेली पांढरीशुभ्र होंडुरन वटवाघळं तिथे असू शकतात. लांबी चार-पाच सेंटिमीटर, वजन पाच-सहा ग्रॅम, नाक आणि कान पिवळेधमक. होंडुरासपासून पश्चिम पनामापर्यंतच ही जात सापडते.

पान असं आपोआप मिटत नाही. रात्री वटवाघूळ पानाच्या खालच्या अंगाला लटकतं आणि मधल्या शिरेच्या दोन्ही कडांनी दातांनी कुरतडत जातं. आडव्या फुटणाऱ्या बारीक शिरा आणि त्यांच्यामधला पानाचा भाग कमजोर झाला, की दोन्ही बाजू आपल्याच वजनानं खाली येतात. मधली शीर म्हणजे घराचं आढं, आणि दोन बाजू म्हणजे छपराची दोन पाखी. खरं कसब आहे ते किती कुरतडायचं नाही यात. मधली शीर तुटली तर पाणी पुढे जाणार नाही आणि पान सुकेल; बाजूच्या शिरा पूर्ण कापल्या तर पाखंच गळून पडेल. नेमकं तेवढंच कातरल्यामुळे पान हिरवं राहतं आणि छप्पर काही आठवडे टिकतं. माद्याही हे बांधकाम करताना दिसल्या आहेत.

या छपरामुळे पाऊस अडतो, ऊन अडतं. पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो तिथला उजेड. उन्हाचे किरण पानातून गाळून येतात ते हिरवे होऊन, आणि पांढऱ्या केसांवर पडले की अंगही हिरवट दिसतं. जंगलात उघड्यावर जो पांढरा रंग लांबून डोळ्यांत भरला असता, तोच इथे प्राण्याला लपवतो. तरीही कुणी झाडाला धक्का दिलाच, तर देठातून आलेली थरथर आत कळते आणि सगळी वटवाघळं एकदम उडून जातात. हा धोका काल्पनिक नाही. पानांचे असे तंबू ओळखून त्यांच्यावर झडप घालणारी माकडं कोस्टारिकात अभ्यासकांनी पाहिली आहेत.

या वटवाघळांचं पोट मुख्यतः एकाच जातीच्या उंबरवर्गीय झाडाच्या बारीक फळांवर चालतं. नाका-कानांचा पिवळा रंगही अन्नातूनच येतो: ल्युटीन नावाचं रंगद्रव्य त्यांच्या कातडीत साठतं. सस्तन प्राण्यांत ही गोष्ट फार दुर्मीळ आहे. म्हणजे या जातीला राहायला हेलिकोनिया हवी आणि खायला ते झाड हवं, दोन्ही जवळजवळ. जंगल तुटत गेलं की ही जोडी फुटते. कोणत्या जातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या जागतिक यादीत ही जात आज ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या गटात आहे.

त्याच जंगलांत आणखी एक वटवाघूळ राहतं, थायरोप्टेरा. ते काहीच बांधत नाही. हेलिकोनियाचं नवं पान उलगडण्याआधी सुरळीच्या रूपात असतं, त्या सुरळीत ते शिरतं. आतली भिंत गुळगुळीत, नखं रुतायला जागा नाही. म्हणून त्याच्या अंगठ्यांपाशी आणि पायांवर गोल चकत्या असतात. ओल्या, चिकटून बसणाऱ्या. बहुतेक वटवाघळं उलटी लटकतात, हे मात्र डोकं वर करून बसतं. अडचण एवढीच की सुरळी साधारण दिवसभरात उलगडते, म्हणजे रोज नवं घर शोधणं आलं. मग विखुरलेले सोबती एकमेकांना सापडणार कसे? उडणारं वटवाघूळ हाक देतं आणि सुरळीत आधीच बसलेलं आतून ओ देतं. नरसाळ्यासारख्या त्या सुरळीत बाहेरची हाक मोठी होऊन पोहोचते. घर रोज बदलतं, तरी गट वर्षानुवर्षं तोच राहतो.

जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत. पानं किंवा झाडाचे इतर भाग कातरून तंबू करणाऱ्या त्यांतल्या जेमतेम वीस-बावीस, आणि बहुतेक अमेरिका खंडातल्या. पण एक आपल्याकडेही आहे: आखूड नाकाचं फळखाऊ वटवाघूळ. त्याचा नर भेरली माडाच्या लोंबत्या फळांच्या घोसातल्या मधल्या माळा कातरून घंटेसारखी पोकळी करतो आणि तिथे माद्यांचा गट राहतो. या वटवाघळांच्या कुटुंबरचनेवरचं महत्त्वाचं संशोधन पुण्यात झालं आहे. पुण्यात त्यांची पिल्लं वर्षातून दोनदा जन्मतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि जून-जुलैमध्ये. तुमच्या सोसायटीत किंवा बागेत भेरली माड असेल, तर निदान या महिन्यांत त्याचे घोस छाटू नका. आणि एरवीही कोयता लावण्याआधी खाली उभं राहून आत कुणी आहे का ते बघा.