नागासाकीचा मधाचा केक

घरी केक करायचा म्हटले की लोणी आणि बेकिंग पावडर हवीच, अशी पुष्कळांची समजूत असते. जपानमधील नागासाकी बंदरात सुमारे चारशे वर्षे होत आलेल्या 'कासुतेरा' केकला यांपैकी काहीच लागत नाही. अंडी, साखर, मध आणि मैदा एवढ्यावर तो होतो. यातील अंडी व मध कित्येक शेतकऱ्यांच्या घरचेच असतात, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

हा केक मूळचा जपानी नव्हे. १५४३ साली पोर्तुगीज जपानला पोचले. संत फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघून त्याच वर्षी १५ ऑगस्टला कागोशिमा येथे उतरले. १५७१ पासून नागासाकी हे पोर्तुगीज व्यापाराचे बंदर झाले व या लोकांबरोबर केकची कृती तेथे गेली. स्पेनमधील कास्तील प्रांताच्या नावावरून 'कासुतेरा' हे नाव पडले असे मानतात. पुढे १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, १६३९ साली पोर्तुगीजांना देशाबाहेर काढले. पण केक मात्र राहिला. नागासाकीचे फुकुसाया हे १६२४ साली स्थापन झालेले दुकान आजही तो करते.

साहित्य : अंडी ४, बारीक साखर १२० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, मध ५० ग्रॅम (अडीच मोठे चमचे), कोमट पाणी २ मोठे चमचे.

कृती : मैदा दोनदा चाळून ठेवावा. मध कोमट पाण्यात विरघळवावा. सुमारे २० सेंटिमीटर लांबीच्या पावाच्या डब्याला आतून कागद लावावा. अंडी व साखर एका भांड्यात घालून ते भांडे गरम पाण्यावर धरावे व मिश्रण बोटाला कोमट लागेपर्यंत ढवळावे. मग खाली उतरवून भरपूर फेटावे. हा केक केवळ अंड्यांत कोंडलेल्या हवेवर फुगतो, त्यामुळे येथे घाई करू नये. मिश्रण पांढरट व दाट होऊन वरून सोडलेली धार क्षणभर तशीच दिसली, म्हणजे पुरे झाले असे समजावे. आता मधाचे पाणी घालावे व मैदा तीन वेळा थोडा थोडा घालून गुठळी न राहील असे हलक्या हाताने मिसळावे. मिश्रण डब्यात ओतून डबा दोन-तीनदा ओट्यावर आपटावा, म्हणजे मोठे बुडबुडे फुटतात व जाळी बारीक येते.

ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर आधी तापवून ४० ते ४५ मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड पातेल्यात वाळू तापवून, तिवईवर डबा ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजता येते. मात्र वेळ थोडा जास्त लागतो. काडी खुपसल्यावर कोरडी निघाली पाहिजे.

केक कोमट असतानाच स्वच्छ कागदात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावा. मध ओलावा धरून ठेवतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी केक अधिक मऊ लागतो. कडा कापून १० तुकडे करावेत.

आरोग्याच्या दृष्टीने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, एक वर्षाच्या आतील बाळाला मध किंवा मधाचा हा केक मुळीच देऊ नये. मधात कधी कधी बोट्युलिझम या रोगाच्या जंतूंची बीजे असतात. ती केकच्या भट्टीतही मरतील याचा भरवसा नाही आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वाढून विष तयार करू शकतात. बाळाला मध चाटवण्याची जुनी रीतही याच कारणाने सोडावी. दुसरी, तडकलेली अंडी घेऊ नयेत आणि कच्चे मिश्रण मुलांना चाखायला देऊ नये. तिसरी, एका तुकड्यात साखर व मध मिळून सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे गोड असते. मध साखरेपेक्षा निराळा, म्हणून तो मधुमेह्यांना चालतो, असे समजू नये.

लोणी नसल्याने केक हलका असतो, पण गोड तो गोडच. सणाच्या दिवशी पाहुण्यांपुढे एकेक तुकडा ठेवावा, हेच बरे.