मामांच्या गाडीचं ॲव्हरेज कुठं गेलं?

मागच्या दिवाळीत आमचे मामा शिर्डीहून गाडी घेऊन वर्ध्याला आले. येळाकेळीला समृद्धी महामार्गावरून खाली उतरले, घरी पोहोचले आणि चहाआधीच कुरकुर सुरू! "गाडीनं ॲव्हरेज दिलंच नाही. पेट्रोलच खराब असेल."

मी विचारलं, "मामा, काटा कितीवर होता?"

"एकशेवीस! तेवढी परवानगी आहे."

परवानगी आहे, खरंच. पण पेट्रोल खराब नव्हतं. ते हवा ढकलण्यात गेलं!

तुम्ही सायकलनं सेवाग्रामला जाता, तेव्हा समोरून वारा आला की पायडल मारताना कसा दम लागतो! वारा पडलेला असला, तरी वेगानं जाणाऱ्या मोटारीला समोरची हवा अशीच अडवते. आणि गंमत पाहा, वेग दुप्पट केला, तर हा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी 80 वरून 120 किलोमीटरवर गेलात, तर वेग दीडपट, पण हवेचा अडथळा सव्वादोनपट. टायरचं घर्षण तेवढं वाढत नाही, म्हणून पेट्रोल काही सव्वादोनपट लागत नाही. पण चांगलंच जास्त लागतं.

"वेळ तर वाचला ना!" मामा म्हणाले. बरं, पाटी घ्या. 100 किलोमीटर जायला 80 च्या वेगानं 75 मिनिटं लागतात, 100 च्या वेगानं 60 आणि 120 च्या वेगानं 50. वेग पहिल्यांदा 20 नं वाढवला, तेव्हा 15 मिनिटं वाचली. पुन्हा 20 नं वाढवला, तर दहाच! पेट्रोल मात्र दुसऱ्या वेळी जास्त गेलं.

मग काय बैलगाडीसारखं जायचं? तेही नाही. बजाज चौकातल्या गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, तेव्हा इंजिन पेट्रोल पीतच असतं, अंतर मात्र कापलं जात नाही. बहुतेक मोटारींना वरच्या गिअरमध्ये, साधारण 50 ते 80 च्या दरम्यानचा एकसारखा वेग मानवतो. (महामार्गावर 80 नं जायचं, तर डावीकडची लेन धरायची बरं का!)

1973 साली अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा अमेरिकेनं पुढच्याच वर्षी देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची वेगमर्यादा घातली होती. कशासाठी, ते आता तुम्हीच सांगाल.

घरी मोटार असेल, तर करून पाहा. टाकी पूर्ण भरा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. प्रवासानंतर पुन्हा पूर्ण भरा. 450 किलोमीटर झाले आणि 25 लिटर मावलं, तर ॲव्हरेज 18. पुढच्या खेपेला त्याच रस्त्यानं 80 नं जा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. हिशेब मात्र तुम्हीच ठेवा, गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरच असू द्या.