भोवळ : कान, तोल आणि गोळी

मागील वर्षी पैसे काढण्याच्या स्लिपवर आमच्या वडिलांची सही नमुना सहीशी जुळेना. हात थरथरत होता. त्यापूर्वी कित्येक महिने, अंथरुणात कुशीवर वळताच घर गरगर फिरते म्हणून, ते भोवळीवरची जुनीच गोळी घेत होते. अनेक ज्येष्ठ ग्राहकांच्या पिशवीत अशी गोळी असते. ती नेमके काय करते, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रत्येक अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्या पिशव्या असतात. डोके वळले की नलिकांतील द्रव किंचित मागे रेंगाळतो, सूक्ष्म केशपेशी वाकतात आणि मज्जातंतूवाटे मेंदूला वर्दी पोहोचते. या इंद्रियावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन शाखांच्या नोंदींप्रमाणे दोन्ही कानांच्या वर्दीचा मेळ बसला पाहिजे; तो चुकला की भोवळ येते.

सिनारिझिन हे औषध केशपेशींत शिरणाऱ्या कॅल्शियमला अटकाव करून ही वर्दी मंदावते. प्रोक्लोरपेराझिन मेंदूतील डोपामिनचे कार्य रोखून मुख्यतः मळमळ व उलटी थांबवते. मेनिएर विकारात दिले जाणारे बीटाहिस्टिन अंतर्कर्णातील रक्तप्रवाह वाढवते, असे मानले जाते.

पहिली दोन औषधे तीव्र झटक्यात मोठा दिलासा देतात. परंतु वर्दी दीर्घकाळ दबून राहिल्यास बिघडलेला तोल सावरण्याची मेंदूची स्वाभाविक प्रक्रिया रेंगाळते. वृद्धांमध्ये गुंगी, कंप व हालचालींत मंदपणाही येऊ शकतो. वडिलांचे तेच झाले होते. तपासणीअंती कळले की, कानातील पिशवीतले कॅल्शियमचे सूक्ष्म कण सुटून नलिकेत शिरले होते. ते कण गोळीने हलत नाहीत. तज्ज्ञांनी एपली पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळवले आणि काही मिनिटांतच ते पूर्वस्थानी परतले. गोळी थांबल्यावर काही महिन्यांत कंप ओसरला. सहीही जुळू लागली.

भोवळीसोबत बोलणे अडखळले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या वा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. एरवीही आधी कारणाचे निदान व्हावे. गोळी परस्पर सुरू करू नये, तशी बंदही करू नये. मुदत ठेवीप्रमाणे तिलाही मुदत असते; ती मात्र डॉक्टरांनीच ठरवावी.