फोडणीसमोरची भिंत

गेल्या आठवड्यात ओट्यामागच्या भिंतीवर काचेच्या टाईल्स बसवून झाल्या. आता राहिलं सांधे भरायचं काम. वारूळवाडीत नवं घर बांधणारी मंडळी टाईलचा रंग निवडायला खेटूनच असलेल्या नारायणगावात दुकानामागून दुकान पालथं घालतात. सांध्यात काय भरायचं, हे मात्र मिस्त्रीच्या घमेल्यात उरलेलं व्हाईट सिमेंट ठरवतं. मला हे उफराटं वाटतं. काचेवर काहीही उडालं तरी ओल्या फडक्यानं निघतं; भिंत पिवळी पडते ती सांध्यांतून.

पडते फोडणीमुळे. हळदीतलं रंगद्रव्य, कुर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतं. म्हणजे कढईतून उडणारा थेंब हा तेलात कालवलेला रंगच. सिमेंटचा सांधा सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं आणि रंग सोबत नेतं. शिवाय सिमेंट अल्कधर्मी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच होतं. ताज्या सांध्यावरही डाग लालसर तपकिरी उमटतो. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की फिका होतो, पण ओट्यामागच्या भिंतीला ऊन कुठून आणायचं? मग कोणीतरी बाथरूमचं ॲसिड घेऊन येतं. त्यानं डागाबरोबर सांध्यातलं सिमेंटही विरघळतं, छिद्रं आणखी मोठी होतात आणि पुढचा डाग आणखी खोल जातो. चिंच-टोमॅटोच्या आंबटपणानंही हेच होतं, फक्त फार सावकाश. नारायणगावच्या टोमॅटो बाजारपेठेच्या शेजाऱ्यांना हे सांगणं जरा जिवावर येतं.

म्हणून शेगडीमागच्या भिंतीला तरी एपॉक्सी ग्राउट घ्यावं. ते महाग आहे, पण भिंत कितीशी असते! त्यात पाणी मुरत नाही. हळदीची झाक त्यावरही चढू शकते, पण त्याच दिवशी पुसली तर बहुधा निघते. परवडत नसेल तर सिमेंटचंच ग्राउट घ्या, फक्त शुभ्र पांढऱ्याचा हट्ट सोडा. राखाडी किंवा मातकट रंगात संसाराच्या खुणा झाकल्या जातात.

आता घाई आवरायची. काच पाणी शोषत नाही, त्यामुळे मागचा चिकटवणारा मसाला साध्या टाईलमागच्यापेक्षा सावकाश घट्ट होतो. दोन-तीन दिवस थांबणं बरं. पाकिटावर जास्त लिहिलं असेल तर तितकं. मिस्त्रीला पुढचं काम गाठायचं असतं, तेव्हा हे आधीच ठरवून घ्यावं. सांधा ३ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर बिनवाळूचं ग्राउट लागतं. वाळूचं ग्राउट त्यात नीट शिरत नाही आणि काचेवर ओरखडे उठवतं. एपॉक्सीतही बारीक रेती असते, म्हणून उरलेल्या एका टाईलवर आधी घासून पाहावं.

सिमेंटचं ग्राउट सैल कालवलं की भरायला सोपं जातं, पण वाळल्यावर त्याला भेगा पडतात, बोटाला भुकटी लागते. रबरी पट्टी सांध्याला तिरकी धरून ओढावी. सरळ ओढली तर भरलेलं बाहेर निघतं. थोडं आवळलं की घट्ट पिळलेल्या स्पंजनं पुसायचं. एपॉक्सीचे दोन भाग एकत्र केले की घड्याळ सुरू होतं, आणि एप्रिलच्या दुपारी ते फारच जोरात पळतं. तेव्हा काम सकाळी करावं, थोडं थोडं कालवावं आणि काचेवरचा थर तिथल्या तिथे काढावा. एकदा घट्ट झाला की तो खरवडताना ओरखडे काचेवरच उठतात. शेवटचा हात पिण्याच्या गोड्या पाण्यानं फिरवावा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके काचेवर लगेच दिसतात.

ओटा आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू देऊ नका. कढई आदळली, ग्रॅनाईट तापलं-निवलं की दोन्ही आपापल्या परीनं हलतात आणि तिथे केसाएवढी चीर पडते. मुंग्यांना तेवढी पुरते. त्या फटीला सिलिकॉन लागतं. ते कसं भरायचं, हे पुढच्या आठवड्यात, सिंकच्या कडेपासून.