राजवाड्यातील चित्र घरोघरी कसे पोहोचले

महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आज्ञेवरून राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रे रंगविली. तैलरंगातील असे चित्र एकच असते. ते पाहावयाचे तर राजवाड्यात प्रवेश हवा. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढविण्याचे सुचविले होते. रविवर्मांनी चित्रे तिकडे धाडण्याऐवजी यंत्रे व तंत्रज्ञच जर्मनीहून आणविले आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. १८९९ मध्ये तो लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविण्यात आला.

ही छपाई शिळेवर होत असे. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. घोटून गुळगुळीत केलेल्या चुनखडकाच्या लादीवर तेलकट शाईने उलटे चित्र काढीत. लादी ओली केली की कोरा भाग पाणी धरी आणि रुळावरील शाई रेखाटलेल्या भागावरच बसे. एका शिळेने एकच रंग उमटे. म्हणून मूळ चित्रातील रंग केवळ नजरेने वेगळे करून, प्रत्येक छटेसाठी निराळ्या शिळेवर बारीक ठिपके द्यावे लागत. एका चित्रास दहा-दहा शिळाही लागत. कागद केसभर सरकला तर देवीच्या ओठांची लाली हनुवटीवर! अखेरीस वार्निश चढवून तैलचित्राची चकाकी आणीत. हे ठिपके देणाऱ्या कारागिरांची नावे चित्रावर नसतात. खरे तर निम्मे श्रेय त्यांचे.

मंदिराचा उंबरठा ज्यांना ओलांडू दिला जात नसे, त्यांच्या भिंतीवरही या छपाईमुळे लक्ष्मी-सरस्वती विराजमान झाल्या. धंदा मात्र रविवर्मांना लाभला नाही. कर्ज वाढले व छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. १९७२ च्या आगीत तेथील बराच ठेवा नष्ट झाला.

त्यामुळे जुन्या वाड्यांतून व शाळांतून टिकून राहिलेल्या प्रतींचे मोल वाढले आहे. अशी प्रत ओळखणे कठीण नाही. भिंगातून पाहिल्यास शिळाछापातील ठिपके हाताने दिल्यासारखे लहानमोठे व विखुरलेले दिसतात. अलीकडच्या छपाईत ते जाळीसारखे सारख्या अंतरावर असतात. अशा चित्रावर ओले फडके फिरवू नये, ओल आलेल्या भिंतीवर वा उन्हात ते टांगू नये, आणि जुनी चौकट बदलताना चित्राच्या कडा कापू नयेत. छापखान्याचे नाव बहुधा तळच्या कडेलाच असते.